दोन हरिपाठांचे अंतर



वारकरी माउलींनो, आमच्या पेडण्याकडच्या दिंडीत अलीकडे बैठक बसली की एक प्रश्न हटकून निघतो. "मोपाहून सोलापूरला विमान जाते म्हणे. किती वेळ लागतो हो?" विचारणाऱ्याच्या आवाजात निम्मे कुतूहल असते आणि निम्मा संकोच, जणू एकादशीच्या दिवशी कांद्याचा भाव विचारतो आहे. मग कुणीतरी हसते, कुणी विषय बदलते, आणि प्रश्न तसाच राहतो. तुमच्याही दिंडीत तो कधी ना कधी निघेल, म्हणून मला जे मोजता आले आणि जे घरात घडले ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी आकडे सांगून मोकळा होतो. गोव्यातला मोपाचा विमानतळ, ज्याला मनोहर पर्रीकरांचे नाव आहे, तो आणि सोलापूरचा होटगी रस्त्यावरचा विमानतळ यांच्यामधले सरळ हवाई अंतर साधारण ३०५ किलोमीटर भरते. ९ जून २०२५ रोजी या मार्गावर पहिले विमान उडाले. विमान लहान, पंख्यांचे, सत्तरेक माणसांचे. वेळापत्रकात प्रवास सव्वा तासाच्या आसपास दाखवलेला असतो. आता तुम्ही म्हणाल, असले विमान तासाला पाचशे किलोमीटर तोडते, मग ३०५ किलोमीटरला चाळीस मिनिटेही लागू नयेत. हिशेब बरोबर आहे. पण वेळापत्रकातली वेळ मोजली जाते ती विमान जागचे हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंत. धावपट्टीच्या टोकाशी जायचे, वर चढायचे, उतरताना वेग कमी करायचा, वाऱ्याचा रोख पाहून धावपट्टीच्या समोर यायचे, यात उरलेला वेळ जातो. जवळच्या पल्ल्यात तर खरे उडणे थोडे आणि चढणे-उतरणेच जास्त. एसटीचेही तसेच असते. घाट आणि थांबे वजा केले तर गाडी कितीशी धावते!

मी एकदा नकाशावर पट्टी ठेवून मोपापासून सोलापूरपर्यंत रेघ ओढली. प्रत्यक्ष विमान अगदी त्याच रेघेवरून जाते असे नाही, पण रेघ पाहून मी थोडा वेळ गप्प बसलो. ती आंबोलीच्या अंगाने सह्याद्री चढते. पुढे गडहिंग्लज, संकेश्वर, चिकोडी. तिथून कृष्णा ओलांडून अथणी आणि जतच्या शिवारावरून सोलापूर. चिकोडीपर्यंतची ही सगळी आमच्या पायी दिंडीचीच वाट! चिकोडीला मात्र आमची फारकत होते. आम्ही मिरजेकडे वळतो आणि कवठे महांकाळ, नागज, जुनोनी, सांगोला असे करत पंढरीला पोचतो. ही वाट साधारण ३३० किलोमीटर, मुक्काम तेरा, दिवस चौदा.

या वाटेवर पाऊस कसा उतरत जातो ते चालणाऱ्यालाच कळते. आंबोली म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत जास्त पावसाच्या गावांपैकी एक. कार्तिकातही तिथल्या दगडावरचे शेवाळ ओले असते, आणि हिरण्यकेशी तिथेच उगम पावून आमच्याबरोबर गडहिंग्लज-संकेश्वरापर्यंत चालत येते. मग हळूहळू लाल माती काळी होते, भाताची खाचरे संपून ऊस लागतो, ऊस विरळ होऊन ज्वारी लागते, आणि सांगोल्याच्या अलीकडे विहिरीवरचा माणूस पाणी देताना तांब्या पूर्ण भरत नाही. कंजूष म्हणून नव्हे, सवयीने. चौदा दिवसांत जीभही बदलते. आमची कोकणी मागे पडते, मध्येच कानडी लागते आणि पुन्हा मराठी. विठोबा कानडी की मराठी हा वाद विद्वानांनी घालावा. आम्हाला चिकोडीच्या बाजूला जी माउली ताक देते ती कानडीतच आग्रह करते आणि तो आम्हाला पुरता समजतो.

आता मोजणीतली खरी गंमत. मोपाहून पंढरपूर सरळ रेषेत भरते २६५ ते २७० किलोमीटर, आणि सोलापूर ३०५. म्हणजे विमानाने निघालेला वारकरी पंढरीला डावीकडे ठेवून तिच्या पुढे निघून जातो आणि मग सोलापुरातून पाऊणशे किलोमीटर मागे, पश्चिमेकडे येतो. आळंदीकडच्या माउलींनी हाच हिशेब पुण्याचा करून पाहावा. पुणे आणि सोलापूर या दोन विमानतळांमधले हवाई अंतर २४० किलोमीटरच्या जवळपास, आणि आळंदी ते पंढरी पक्षी उडावा तसे मोजले तर १९०. विमानतळाचा विमानतळाशी जो हिशेब असतो तो गावांशी नसतो, आणि देवळांशी तर नसतोच.

आणि घरापासून मोजाल तर? आमच्या घरापासून मोपा अर्धा-पाऊण तास. विमानाच्या आधी दोन तास हजर. सव्वा तास उडणे. सोलापुरात सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास, आणि पुढे मंगळवेढ्यावरून पंढरपूर दोन तास. बेरीज साडेसहा तासांवर जाते. स्वतःच्या गाडीने आंबोली चढून गेलो तर आठ तास. वाचले किती? दीड तास. माझे स्पष्ट मत असे झाले आहे की या पल्ल्यात विमानाने वेळ फारसा वाचत नाही, हाडे वाचतात. आणि हाडे वाचणे ही काही क्षुल्लक गोष्ट नाही. हे मी आईकडे पाहून सांगतो.

आईने एकतीस कार्तिकी वाऱ्या केल्या, सगळ्या पायी. आमच्याकडे आषाढात भातलावणी असते, म्हणून पुष्कळ घरांत कार्तिकीचाच नेम. भात कापून झोडून झाले की वसुबारसेला दिंडी निघते आणि दशमीला पंढरीत पोचते. म्हणजे एकतीस वर्षे आईने घरी दिवाळी पाहिलेली नाही. नरकचतुर्दशीची आंघोळ कुठल्यातरी गावच्या विहिरीवर आणि फराळ यजमानांच्या हातचा. बत्तिसाव्या वर्षी गुडघ्यांनी नकार दिला. वैद्याने, डॉक्टरने, सगळ्यांनीच दिला. गाडीत आठ तास पाय मुडपून बसणेही जमेना. सावंतवाडीपर्यंत नेऊन पाहिले, तेवढ्यात तिचा चेहरा पांढरा पडला.

तेव्हा बहिणीने विमानाचे काढले, आणि दिंडीच्या बैठकीत, अपेक्षेप्रमाणे, दोन तट पडले. एक ज्येष्ठ माउली म्हणाले, "नेम मोडला तर मोडू दे, देव समजून घेईल. पण विमानातून वारी? उद्या घरी बसून पडद्यावर दर्शन घ्याल आणि त्यालाही वारी म्हणाल." मला त्यांचा राग आला नाही. ज्याने आयुष्यभर तळवे भाजून घेतले त्याला असे वाटणारच, आणि त्यांच्या म्हणण्यातला दुसरा अर्धा भाग खोटाही नाही. पण दिंडी चालवणारे महाराज शांतपणे म्हणाले, "महिन्याची वारी करणारे कशाने येतात?"

माउलींनो, या प्रश्नावर थोडे थांबा. वारी म्हणजे फेरी, नेमाने पुन्हा पुन्हा जाणे. पायांनी जाणे असा त्या शब्दाचा अर्थ नाही. तसा असता तर 'पायी वारी' असा वेगळा शब्द आपण कशाला वापरला असता? दर शुद्ध एकादशीला पंढरी गाठणारे किती तरी माळकरी आहेत, आणि ते कुर्डुवाडीच्या गाडीने येतात, एसटीने येतात, कुणाच्या टेम्पोत मागे बसून येतात. बार्शी लाईटची छोटी आगगाडी १९०६ मध्ये पंढरपूरला आली आणि १९२७ मध्ये पुढे मिरजेला जोडली गेली. तेव्हाही गाडीतल्या वारीविषयी कुरकूर झालीच असणार. आज ती छोटी गाडी जुन्या माणसांच्या आठवणीत आहे, आणि पायी चालणारे मात्र कमी झालेले नाहीत. वाहन आले म्हणून चालणारा घरी बसला, असे आपल्या संप्रदायात घडले नाही. न चालू शकणारा मात्र घराबाहेर पडला.

आमच्या आजोबांची गोष्ट तर उलटीच. पोर्तुगिजांच्या वेळी आमच्या गावापासून पंढरी आज आहे तेवढीच लांब होती. पण मध्ये सरहद्द होती. १९५५ नंतर येणे-जाणे जवळपास बंद झाले, आगगाडीही थांबली. पाय धडधाकट असून आजोबांची वारी काही वर्षे चुकली, ती गोवा मोकळा झाल्यावर पुन्हा सुरू झाली. ती चुकलेली वर्षे ते शेवटपर्यंत बोटांवर मोजत. बैठकीत हे कुणीतरी काढले आणि मग फारसे कुणी बोलले नाही.

तर असे ठरले: मी नेहमीप्रमाणे दिंडीबरोबर पायी निघायचे आणि आईने बहिणीबरोबर मागून विमानाने यायचे. तारीख जुळवताना एक अडचण आली. विमान वार पाहून उडते आणि एकादशी तिथी पाहून येते. त्यामुळे दशमीला न येता ती अष्टमीलाच यायची होती.

वसुबारसेला निघालो. आणि मला ज्याची कल्पना नव्हती ते पहिल्या मुक्कामापासून सुरू झाले. दिंडी ओसरीवर टेकली की यजमानीण पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर येई, बायांच्या घोळक्यात नजर फिरवी आणि मग माझ्याकडे पाही. "आई?" एवढेच. पुढचा शब्द उच्चारायची तिला भीती. वारीच्या वाटेवर एखादा माणूस एका वर्षी दिसला नाही याचा अर्थ आपण सगळे एकच लावतो. मी घाईघाईने सांगे, "आहे, आहे, बरी आहे, मागून विमानाने येते आहे." मग सुटकेचा श्वास, मग हसणे, मग "विमानाने!" असे आत स्वयंपाकघरात सांगायला जाणे. तेरा मुक्काम, तेरा वेळा. गडहिंग्लजच्या पुढे एका घरी तर ऐंशीच्या पुढची आजी होती. तिला ऐकू कमी येते. तिने विमान वगैरे काही ऐकलेच नाही. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पदराने डोळे पुसले. मी तीनदा मोठ्याने सांगितले. तिने तीनदा मान हलवली. सूनबाई म्हणाली, राहू दे, मी नंतर समजावते.

इकडे आईचा प्रवास कसा झाला तो तिच्याच तोंडचा सांगतो. विमानतळावर चाकांची खुर्ची मिळाली, तीत बसायला ती आधी तयार नव्हती. तिच्या पिशवीत टाळ होते. तपासणीच्या यंत्राने ते दाखवले तेव्हा जवानाने बाहेर काढून पाहिले, दोरी नीट गुंडाळली आणि परत ठेवले. मला ऐकताना आपल्या पहाऱ्याच्या वीणेचा विचार आला. जी वीणा आपण जमिनीला टेकू देत नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात भेट घेऊनच देतो, ती त्या सरकत्या पट्ट्यावर आडवी ठेवायची तर कोणाचा हात धजावेल? बरे झाले, ती आमच्याबरोबर चालत होती.

त्या विमानाचे पंख वरच्या बाजूला असतात, त्यामुळे खिडकीतून खालचे सगळे दिसते. आईला आंबोलीचा डोंगर ओळखू आला नाही. "एवढासा?" म्हणाली. त्या घाटात तिने पायातले गोळे घेऊन दोन-दोन तास काढलेले. पुढे ढग आले. तिने खिडकीचा नाद सोडून हरिपाठ सुरू केला, तोंडातल्या तोंडात, सावकाश. तो संपला, पुन्हा धरला. दुसरा हरिपाठ संपता संपता चाके जमिनीला लागली. म्हणून आता कुणी तिला वेळ विचारला की ती तास-मिनिटांत सांगत नाही. "दोन हरिपाठ," म्हणते. तुम्हीही हेच माप धरा. वेळापत्रक बदलेल, हे बदलणार नाही.

एक गोष्ट मात्र तिला खटकली आणि ती तिने मला दोनदा सांगितली. "तेवढ्या वेळात मला कुणी माउली म्हटले नाही, आणि मीही कुणाच्या पाया पडले नाही. शेजारी माणूस होता, भला दिसत होता. पण पाया पडू तरी कशी? पट्टा बांधलेला." वारीत सकाळी उठल्यापासून किती वेळा आपण वाकतो, किती जण आपल्यापुढे वाकतात, ते मोजायची वेळ कधी आलीच नव्हती. विमानात ते प्रथम मोजले गेले आणि शून्य भरले. चालण्यापेक्षा तिला याचीच चुटपुट जास्त लागली.

सोलापुरातून मंगळवेढ्याला आल्यावर तिने गाडी थांबवली. हे चोखोबांचे गाव, कान्होपात्रेचे आणि दामाजीपंतांचेही. नेहमीच्या पायी वाटेवर ते येत नाही, म्हणून एकतीस वाऱ्यांत तिने मंगळवेढा पाहिलेलाच नव्हता. आडवाटेने का होईना, ते विमानामुळे घडले. ज्वारी गुडघ्याएवढी होती. चोखोबा इथले, भिंत पडून गेले तेही इथेच, आणि समाधी मात्र महाद्वारापुढे. मंगळवेढा ते पंढरपूर जेमतेम २५ किलोमीटर. त्या २५ किलोमीटरांच्या शेवटी जी पायरी होती तिच्या आत त्यांना जाता आले नाही. अंतर म्हणतात ते याला. आईने तिथल्या मातीला हात लावला आणि गाडीत बसली.

पंढरपुराच्या अलीकडे ती उतरली. बहिणीने खूप सांगितले. काठी टेकत, चार ठिकाणी थांबत ती चालत आली. पदस्पर्शाची बारी गोपाळपुराकडे कुठल्या कुठे गेलेली होती. विमानाने कितीही लवकर या, बारी सगळ्यांना एकच. तिने कळसाचे दर्शन घेतले, नामदेव पायरीला डोके टेकवले आणि मठात येऊन अंथरूण घातले. आम्ही त्या वेळी जुनोनीच्या अलीकडे होतो.

दशमीला दुपारी दिंडी मठाच्या दारात आली तेव्हा ती दारात उभी होती. एकतीस वर्षे ती या बाजूने आत गेली, आज पहिल्यांदा त्या बाजूला. आम्ही तिच्या पाया पडायला वाकणार, तोच तिने काठी बाजूला टाकली आणि पताकावाल्यापासून एकेकाच्या पायांना हात लावू लागली. धुळीने माखलेले पाय, भेगा पडलेले. मुलगा म्हणून मी मागे सरलो. महाराज हळूच म्हणाले, "सरू नको. ती चौदा दिवसांचा हिशेब पुरा करते आहे." बैठकीत विरोध केलेल्या ज्येष्ठ माउलींची पाळी आली तेव्हा तेही खाली वाकले, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. त्यावर जे हसू झाले त्यात तो वाद मिटला.

द्वादशीचे पारणे झाले. परतीचे विमान तीन दिवसांनी होते, तिकीट काढलेले होते. आईने ते रद्द करायला लावले. दिंडीच्या टेम्पोत गाद्या-तंबूंची चळत होती, तिच्यावर पाय लांब करून झोपून येते म्हणाली. डॉक्टर काय म्हणतील ते मी म्हणून पाहिले. ती म्हणाली, "तेरा घरी माझी बातमी गेली आहे. माणूस जायला नको?"

तेरा घरे जमली नाहीत. सांगोल्याच्या पुढचे एक, चिकोडीच्या अलीकडचे ताकवालीचे आणि गडहिंग्लजजवळचे आजीचे, एवढी तीन झाली. त्या शेवटच्या घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. सूनबाईने आजीला धरून ओसरीवर आणले. आजीने आईचा चेहरा दोन्ही हातांत घेऊन बराच वेळ चाचपला, मग माझ्याकडे वळून चांगलीच रागावली, की एवढी धडधाकट बाई असताना मी असे काय भलतेसलते सांगून गेलो. आणि सुनेला म्हणाली, भाकरी टाक, चालून आली आहे.